सप्ताहातलं कीर्तन शेवटच्या ओळीपर्यंत कळावं म्हणून: माईक-स्पीकरची मांडणी, टप्प्याटप्प्याने

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आज माईकशिवाय सप्ताह होत नाही. पारायण असो, हरिपाठ असो की गावसभा, साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. तरीही कीर्तन सुटल्यावर मागच्या खांबाला टेकून बसलेल्या आजींना विचारा, "कळलं का?" उत्तर ठरलेलं: "आवाज येतोय बाबा, पण बोलतात काय ते कळेना." मग मंडळातली पोरं धावत जाऊन आवाज वाढवतात. आजींना तरीही कळत नाही. पुढच्या ओळीतली लहान मुलं मात्र कानांवर हात ठेवून बसतात.

कळत नाही म्हणून आवाज वाढवणं, ही चूक गावोगावी होते. शब्द हरवतात ते तीन ठिकाणी: तोंड आणि माईक यांच्या मधल्या अंतरात, स्पीकर आणि कान यांच्या मधल्या अंतरात, आणि देवळाच्या मंडपाच्या घुमाऱ्यात, म्हणजे भिंती-छतावरून परतून रेंगाळणाऱ्या आवाजात. खालचे टप्पे या तीन ठिकाणांच्या क्रमाने लावलेले नाहीत, पण ते जसे दिलेत त्याच क्रमाने करा. स्पीकर टांगून झाल्यावर घुमाऱ्याचा विचार सुरू केला तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

## आधी कानाबद्दल एवढं ध्यानात घ्या

बोलण्यातला जोर स्वरांत असतो. आ, ओ, ऊ हे मोठे आणि खालच्या पट्टीतले आवाज, त्यांची बरीचशी ताकद १,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आत. अर्थ मात्र व्यंजनांवर उभा असतो. स, श, च, त, ट, क यांचे आवाज बारीक, क्षणभराचे आणि बहुतेक २,००० हर्ट्झच्या वरचे. 'टाळ' आणि 'काळ' यांत फरक करणारा आवाज डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो.

निरोगी तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढतं तसा वरचा भाग आधी झिजतो. म्हणून सत्तरीतल्या माणसाला स्वर व्यवस्थित ऐकू येतात आणि व्यंजनं निसटतात. त्यात भर म्हणजे खालचा जाड आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. उलटं फारसं होत नाही. बास वाढवला की व्यंजनं बुडालीच.

दुसरी गोष्ट ताकदीची. ॲम्प्लिफायरचे वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने (डेसिबल हे आवाज मोजायचं माप) वाढतो, आणि तेवढी वाढ कानाला जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट: शंभर वॅटच्या जागी हजार. पैसे तिथं घालू नका.

## टप्पा १: मोकळ्या मंडपात टाळी वाजवा

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, मंडप रिकामा असताना आणि पंखे बंद असताना मधोमध उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा. मग गप्प राहून ऐका.

टाळीचा आवाज लगेच विरला तर जागा सोपी आहे. दोन-तीन सेकंद 'हूंऽऽ' असा रेंगाळत राहिला तर घुमारा आहे. 'टर्रर्र' असा थरथरता आवाज आला तर समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा उड्या मारतोय. ही टाळी तीन जागी वाजवा: गाभाऱ्यासमोर, मध्यभागी आणि शेवटच्या भिंतीजवळ. जागा कागदावर मांडून घ्या, कुठं काय ऐकू आलं ते लिहा.

आपल्याकडच्या जुन्या कौलारू देवळांत हा त्रास कमी असायचा. कौलांच्या फटी, लाकडी तुळया, शेणाने सारवलेली जमीन यांतून आवाज बाहेर जातो किंवा मुरतो. आता स्लॅब, गुळगुळीत फरशी आणि भिंतीला टाइल्स. या तिन्ही गोष्टी आवाज जवळजवळ सगळाच परत फेकतात.

हिशेब करून पाहू. मंडप १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद, ४.५ मीटर उंच. आकारमान झालं सुमारे ७३० घनमीटर. आवाज विरायला लागणारा वेळ काढायचं ध्वनिशास्त्रज्ञ साबिनचं सूत्र सोपं आहे: ०.१६१ गुणिले आकारमान, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्र. मंडपाच्या सगळ्या पृष्ठभागांची बेरीज ५६७ चौरस मीटर येते. प्लास्टर आणि फरशी फार तर ३ टक्के आवाज शोषतात, म्हणजे १७ चौरस मीटर. उघडी दारं-खिडक्या धरा ८ चौरस मीटर. उघड्या जागेतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ती पूर्ण मोजायची. एकूण २५. उत्तर येतं सुमारे ४.७ सेकंद. भाषण नीट कळायला हा वेळ एका सेकंदाच्या आसपास हवा.

आता त्याच मंडपात दीडशे माणसं बसवा. एक माणूस साधारण ०.४ चौरस मीटर धरला तर ६० ची भर पडते आणि वेळ १.४ सेकंदावर येतो. माणसंच सगळ्यात चांगला शोषक आहेत.

इथं चुकतं: दुपारी रिकाम्या मंडपात माईक लावून आवाज ठरवला जातो आणि रात्री भरल्या मंडपात तोच ठेवला जातो. रिकाम्या मंडपातला आवाज हा फक्त अंदाज असतो. खरी मांडणी पन्नास-साठ माणसं बसल्यावर पक्की होते. हरिपाठाची वेळ त्याला उत्तम.

## टप्पा २: घुमारा कमी करा, तोही घरच्या सामानाने

कुठल्याही मशिनीने घुमारा काढता येत नाही. तो भिंतीवरच अडवावा लागतो.

गोधड्या आणि घोंगड्या गोळा करा. घरोघरी मागितल्या तर मंडपाला पुरतील एवढ्या निघतात. त्या कुठं लावायच्या हे महत्त्वाचं: स्पीकरच्या समोरची मागची भिंत आधी, मग जिथं टाळी 'टर्रर्र' वाजली त्या दोन भिंतींपैकी एक. दोन्ही भिंती झाकायची गरज नसते. एक झाकली की उड्या थांबतात.

घोंगडी भिंतीला चिकटवून खिळे मारू नका. भिंतीपासून वीतभर अंतरावर दोरी ताणा आणि तिच्यावर चुण्या पाडून सोडा. कापड आणि भिंत यांच्यात मोकळी हवा राहिली की खालच्या पट्टीतला आवाजही थोडा शोषला जातो. चिकटवलेलं पातळ कापड फक्त वरचा बारीक आवाज खातं, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो. म्हणून सतरंज्या आणि पातळ पडदे भरमसाट लावून उपयोग नाही. जाड, थरांची, जुन्या लुगड्यांची गोधडी त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस.

वरच्या उदाहरणात चाळीस चौरस मीटर गोधड्या टांगल्या आणि त्यांनी निम्मा आवाज शोषला असं धरलं तर आणखी २० ची भर पडते. भरल्या मंडपाचा वेळ १.४ वरून १.१ सेकंदावर येतो. कानाला हा फरक लगेच कळतो.

सावध: समई, हॅलोजन, धूप, स्विचबोर्ड यांच्यापासून कापड चांगलं लांब ठेवा. येण्याजाण्याची वाट झाकू नका.

तपासा: पुन्हा टाळी. थरथर गेली का? गेली नसेल तर घोंगडीची जागा बदला, संख्या वाढवू नका.

## टप्पा ३: वीज आणि वायरी

लायटिंग आणि साउंड यांना वेगळी लाईन घ्या. एलईडीच्या माळा आणि डिमर ज्या बोर्डावर आहेत त्याच बोर्डावर मिक्सर (सगळे माईक जोडून आवाज कमी-जास्त करायचं यंत्र) लावला की स्पीकरमधून बारीक किरकिर येत राहते. माईकची वायर विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. लांबच्या माईकला तीन पिनांची बॅलन्स्ड वायर वापरा. साधी दोन तारांची वायर दहा-बारा मीटरच्या पुढं गुणगुण ओढून घेते.

आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्झचा आहे, म्हणून अर्थिंगमध्ये गोंधळ असला की ५० किंवा १०० हर्ट्झची जाड 'हूं' ऐकू येते. मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेतले की ती बहुतेक वेळा जाते.

सावध: गुणगुण थांबवायला प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे साउंडवाले आहेत. तसं करू देऊ नका. जांबोटी-कणकुंबी भागात पावसाळ्यात फरशी ओली असते, माणसं अनवाणी असतात, आणि महाराजांच्या हातात धातूचा माईक असतो. अर्थिंग नसेल तर तो माईक जीव घेऊ शकतो. अर्थलीकेज ब्रेकर असलेला बोर्डच वापरा, आणि जनरेटर लावणार असाल तर त्याचंही अर्थिंग करून घ्या.

## टप्पा ४: स्पीकर कानाजवळ न्या

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. मंडपात मात्र तो थोड्या अंतरापर्यंतच असा उतरतो. त्यापुढं घुमारा सगळीकडं सारखाच भरून असतो. मागच्या माणसाच्या कानात सरळ येणारा आवाज कमी आणि भिंतीवरून आलेला जास्त, अशी अवस्था होते. पुढच्या स्पीकरचा आवाज वाढवला तर दोन्ही सारखेच वाढतात, प्रमाण तेच राहतं. आजींना तरीही का कळत नाही, त्याचं कारण हे आहे.

म्हणून दोन राक्षसी बॉक्सऐवजी चार-सहा लहान कॉलम स्पीकर घ्या आणि माणसांच्या जवळ लावा. पहिली जोडी कीर्तनाच्या जागेच्या थोडी पुढं, दोन्ही बाजूंच्या खांबांवर. दुसरी जोडी मंडपाच्या मध्यावर. बायकांची बसायची जागा बाजूच्या ओसरीत असेल तर तिथं एक वेगळा स्पीकर हवाच. ओसरी खांबांच्या आड जाते, आणि बारीक आवाज खांबाला वळसा घालत नाही. जाडा आवाज वळून जातो, बारीक अडतो. ओसरीत 'आवाज येतो, शब्द येत नाहीत' ही तक्रार तिथूनच निघते आणि ती वर्षानुवर्षं कुणी मनावर घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कॉलम उभाच लावा. एकावर एक स्पीकर असल्यामुळे त्याचा आवाज आडवा पसरतो आणि वर-खाली कमी जातो. त्यामुळे छतावर कमी आदळतो. जागा नाही म्हणून तो आडवा बांधला की नेमकं उलटं होतं. तळ साधारण दोन मीटर उंचीवर ठेवा आणि वरचं टोक पुढं झुकवा. मांडी घालून बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास असतो. स्पीकरचा रोख त्या कानाकडे हवा, समोरच्या भिंतीकडे नको.

मागच्या जोडीचा उशीर. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. वायरीतला आवाज मात्र मागच्या स्पीकरला तत्क्षणी पोचतो. मंडप मोठा असून पुढची जोडी आणि मागची म्हणजे दुसरी जोडी यांत १८ मीटर अंतर असेल तर मागच्या माणसाला जवळचा आवाज आधी आणि पुढचा आवाज ५२ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. पन्नास मिलिसेकंदांच्या पुढं गेलं की मेंदू दोन्ही आवाज एकत्र करायला कुरकुरतो आणि शब्द दुहेरी लागतात.

डिजिटल मिक्सर असेल तर मागच्या जोडीला अंतराचे ५२ अधिक १० असा सुमारे ६२ मिलिसेकंद उशीर द्या. वरचे १० यासाठी, की पुढचा आवाज किंचित आधी कानात पडावा. कान आधी आलेल्या आवाजाच्या दिशेलाच बोलणारा आहे असं मानतो. मग आवाज मागच्या खांबातून येत असूनही महाराजांच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. डिजिटल मिक्सर नसेल तर दोन जोड्यांतलं अंतर दहा मीटरच्या आत ठेवा. हा उपाय फुकट आहे आणि चालतो.

वायरीचा हिशेब: १०० व्होल्ट लाईनवर (एकाच लांब वायरीवर अनेक स्पीकर जोडायची पद्धत) प्रत्येक स्पीकरचा टॅप, म्हणजे तो किती वॅट घेईल ते ठरवणारी जोडणी, वाचा आणि बेरीज करा. २० वॅटचे पाच स्पीकर म्हणजे १०० वॅट. त्याला १२० ते १५० वॅटचा ॲम्प्लिफायर पुरतो. मागचे स्पीकर लहान टॅपवर लावले तरी चालतात, ते कानाजवळ असतात.

इथं चुकतं: देवळाच्या आत भोंगा लावणं. भोंगा मोकळ्या माळावर लांब आवाज फेकण्यासाठी आहे. स्लॅबखाली तो फक्त घुमारा वाढवतो.

## टप्पा ५: माईक आणि तोंड

इथली एक चूक बाकीच्या सगळ्या टप्प्यांवर पाणी फिरवते, म्हणून साउंडवाल्यावर न सोडता मंडळातल्या जबाबदार माणसाने हा टप्पा स्वतः पाहावा.

हातातला किंवा स्टँडवरचा माईक तोंडापासून चार बोटांवर हवा. तो एक फुटावर गेला की तोंडाचा आवाज सुमारे १२ डेसिबलने पडतो, मंडपाचा घुमारा आणि टाळ मात्र तेवढेच राहतात. मग साउंडवाला गेन (मिक्सरवर माईकचा आवाज वाढवायची कळ) वाढवतो आणि माईक शिट्टी मारतो. उपाय गेनमध्ये नाही, अंतरात आहे.

महाराजांना हे सांगायचं कसं, याचा संकोच असतो. कीर्तन सुरू झाल्यावर मधे जाऊन माईक तोंडाजवळ ढकलू नका. आधी, चहाच्या वेळी, नमस्कार करून म्हणा: "महाराज, मागं म्हातारी माणसं बसतात. माईक हनुवटीजवळ राहिला तर त्यांना शब्द कळतात. दोन ओव्या म्हणून दाखवता का, लावून घेतो." नाही म्हणणारे महाराज विरळा. काही जण अभंग गाताना जोर येतो म्हणून मागं सरतात. ते बरोबरच आहे, त्यांना अडवू नका. निरूपणाला मात्र जवळ यायला सांगा.

कीर्तनकार हातवारे करतात, वळतात, टाळकऱ्यांकडे बघून दाद देतात. त्यामुळे स्टँडपेक्षा डोक्याला लावायचा हेडसेट माईक चांगला. तो ओठांसमोर न ठेवता तोंडाच्या कोपऱ्यापाशी ठेवा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर बसत नाही. छातीवरचा कॉलर माईक कीर्तनाला टाळा: उपरणं घासून खरखरतो, आणि चहूकडून ऐकत असल्यामुळे लवकर शिट्टी मारतो.

आता टाळ. टाळकरी कीर्तनकाराच्या मागं उभे असतात, म्हणजे माईकचं तोंड नेमकं त्यांच्याकडेही असतं. परंपरा मोडायला कुणी सांगत नाही. रांग सरळ न ठेवता दोन टोकं जरा पुढं वळवली आणि माईकच्या बरोबर मागची दोन माणसं एक-एक पाऊल बाजूला सरली, तरी टाळाचा खणखणाट माईकमध्ये बराच कमी शिरतो. टाळांना वेगळा माईक कधीही देऊ नका. ते आपल्या बळावर मंडपाच्या टोकापर्यंत पोचतात. मृदंगाला द्यायचा असेल तर तो माईक महाराजांच्या माईकपासून, मृदंग आणि त्याचा माईक यांतल्या अंतराच्या किमान तिप्पट लांब ठेवा.

सावध: माईकची जाळी मुठीत धरू नका. जाळीच्या मागची छिद्रं झाकली की माईक चहूकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी सुरू होते.

तपासा: जे माईक वापरात नाहीत ते बंद आहेत का? उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी ३ डेसिबल आधी येते.

## टप्पा ६: आवाज बसवणे

क्रम असा ठेवा.

१. मिक्सरवरचा 'इको' शून्यावर आणा. मंडपात इको आधीच फुकट मिळतोय. भजनाला गोड वाटतो म्हणून तो थोडा ठेवायचा आग्रह होईल. निरूपणाच्या माईकवर तरी ठेवू नका.

२. महाराजांच्या माईकला लो-कट लावा, १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका. पायांचे धक्के, पंख्याची घरघर, स्टँडचा हादरा तिथंच असतो. बोलण्यातलं काही जात नाही.

३. बासची कळ मध्यावर किंवा थोडी खाली. माईक तोंडाजवळ आला की बास आपोआप वाढतो, म्हणून ही भरपाई लागते.

४. हळूहळू आवाज वाढवा, शिट्टीची पहिली चाहूल लागेपर्यंत. ती कुठल्या पट्टीत वाजते ते ओळखा आणि इक्वलायझरवर (जाड-बारीक आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायच्या कळा) तेवढीच पट्टी ३ डेसिबल खाली आणा. पुन्हा वाढवा. असं दोन-तीनदा करा, त्याहून जास्त नको. पट्ट्या कापत गेलात तर आवाजच पोकळ होतो. शेवटी मुख्य कळ शिट्टीच्या जागेपासून ६ डेसिबल खाली आणून ठेवा.

५. २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्टीला हात लावताना विचार करा. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे ३,००० हर्ट्झच्या आसपास कान मुळातच तिखट असतो. इथं कापलं तर व्यंजनं जातात, फार वाढवलं तर तासाभरात डोकं दुखतं.

किती मोठा आवाज पुरे? माणसं शांत बसलेली असताना मंडपात जेवढा गलबला असतो, त्याच्या १० ते १५ डेसिबल वर. बहुतेक मंडपांत हे ७० ते ७५ च्या आसपास येतं. मोबाईलच्या ॲपवर थोडी चूक निघते, पण पुढची ओळ आणि मागची ओळ यांची तुलना करायला ते पुरतं. या दोन्हींत ६ डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर टप्पा ४ कडे परत जा.

## टप्पा ७: शब्दांची परीक्षा

"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" यावरून काहीही कळत नाही. ते शब्द ऐकणाऱ्याला आधीच पाठ असतात आणि मेंदू गाळलेल्या जागा भरतो.

त्याऐवजी चार माणसं बसवा: एक मागच्या भिंतीशी, एक खांबाच्या आड, एक ओसरीत, आणि एक साठीच्या पुढचं माणूस कुठंही. चौघंही जमिनीवर मांडी घालून, पाठ फिरवून. समोर बघितलं तर ओठ वाचले जातात. प्रत्येकाच्या हातात कागद-पेन्सिल.

माईकवरून एकजण सावकाश, सारख्या आवाजात वीस शब्द म्हणेल, प्रत्येकाआधी "आता लिहा" असं म्हणून: टाळ, काळ, माळ, गाळ, बाळ, जाळ, चाळ, डाळ, नाळ, फाळ, मग पाठ, गाठ, काठ, साठ, माठ, ताठ आणि यांतलेच चार पुन्हा. क्रम दर वेळी बदला. हे शब्द मुद्दाम असे निवडले आहेत की पहिलं व्यंजन ऐकू आलं नाही तर अंदाज बांधता येत नाही.

अठरा किंवा जास्त बरोबर आले तर उत्तम. पंधराच्या खाली कुणी गेलं तर त्या जागेचं काम बाकी आहे असं मी धरते. चुका कशा झाल्या तेही बघा. 'साठ'च्या जागी 'ताठ', 'चाळ'च्या जागी 'टाळ' असं येत असेल तर बारीक आवाज त्या जागेला पोचत नाही: स्पीकरचा रोख चुकलाय किंवा खांब आड येतोय. मागचा शब्द पुढच्यात मिसळतोय अशी तक्रार असेल तर घुमारा आहे, किंवा मागच्या जोडीचा उशीर चुकलाय. 'गाळ', 'बाळ', 'डाळ' यांची सरमिसळ झाली तर बास कमी करून पाहा.

आपल्या गावांत ऐकणाऱ्यांत कन्नड घरातली माणसंही असतात, आणि सूचना दोन्ही भाषांत होतात. घुमाऱ्यात परक्या भाषेतले शब्द आधी निसटतात, कारण गाळलेल्या जागा भरायला मेंदूकडे साठा कमी असतो. म्हणून कन्नड बोलणाऱ्या एकाला बसवून कालु, हालु, सालु, पालु अशी छोटी यादीही घ्या. मराठी कीर्तन ऐकायला येणाऱ्या कन्नड शेजाऱ्याला कळतंय, तर बाकी सगळ्यांना कळतंयच.

## टप्पा ८: कार्यक्रम चालू असताना

परीक्षा झाली की कळांच्या जागांवर चिकटपट्टीने खुणा करा आणि मिक्सरचा फोटो काढून ठेवा. तासभर मोठ्या आवाजात बसलं की साउंडवाल्याचा कान थकतो. बारीक आवाज त्याला कमी वाटायला लागतो आणि तो ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाची कळ, वाढवत जातो. त्याचा दोष नाही, सगळ्यांच्याच कानाचं असं होतं. खुणा असल्या की परत जागेवर येता येतं.

मंडळातल्या एकाने दर अर्ध्या तासाने शेवटच्या ओळीत जाऊन बसावं. उभं राहून नव्हे, बसून. खाणाखुणा ठरवून ठेवा, फोन नको.

मंडप भरला की आवाज थोडा बसतो, तेवढा वाढवायला हरकत नाही. पाऊस आला तर गोष्ट वेगळी. पत्र्यावरच्या मुसळधार पावसाला माईकने हरवायचा प्रयत्न करू नका. सर असेल तर अभंग घ्या, निरूपण थांबवा. गाण्याचे शब्द लोकांना पाठ असतात. खानापूरच्या पश्चिमेला आषाढ-श्रावणात सप्ताह असेल तर महाराजांशी हे आधीच बोलून ठेवावं.

लहान मुलांना स्पीकरच्या तोंडाशी बसवू नका. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंतच सोसावा असं सर्वमान्य मार्गदर्शन आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला तो वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एक तास उरतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत.

## वेळ आणि बाहेरचा आवाज

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो वाजवता येत नाही. सभागृहासारख्या बंद जागेत आतल्या आत वापरायला सूट आहे. तीन बाजूंनी उघडा मांडव बंद जागेत मोडत नाही. राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. काकडा सहाच्या आधी सुरू होतो, तेव्हा तो माईकशिवायच करावा. पहाटे गाव शांत असतं, आवाज तसाही पोचतो.

मार्गशीर्ष-पौषात आणखी एक लक्षात ठेवा. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते. अशा हवेत वर गेलेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो, आणि दिवसा शेताच्या बांधापर्यंत जाणारा भोंगा रात्री पुढच्या गावात ऐकू येतो. संध्याकाळी चारला बसवलेला बाहेरचा आवाज आठ वाजता पुन्हा तपासून कमी करा.

श्रवणयंत्र लावणाऱ्यांना पुढच्या स्पीकरपासून दोन-तीन मीटरवर, महाराजांचं तोंड दिसेल अशी जागा राखून ठेवा. यंत्र घुमाराही तेवढाच वाढवतं, त्यामुळे मागं बसून त्यांना काही उमगत नाही. त्या जागेवर सतरंजी वेगळी टाका आणि पहिल्या दिवशीच एखाद्या पोराला तिथं उभं करा, नाहीतर ती पाच मिनिटांत भरते.